पाटकरी, शेजपाळी आणि रिव्हर्स प्रॉक्सी

'प्रॉक्सी' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा कॉलेजात भेटतो. मित्र तासाला आलेला नसतो, हजेरीत त्याचं नाव येतं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी आवाज बदलून "येस सर" म्हणतो. झाली प्रॉक्सी! कोर्टकचेरीच्या मराठीत याच माणसाला 'मुखत्यार' असा भारदस्त शब्द आहे. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं, दुसऱ्याच्या वतीनं घ्यायचं-द्यायचं, एवढंच त्याचं काम.

संगणकाच्या जगातही असे मुखत्यार आहेत. त्यातल्या 'रिव्हर्स प्रॉक्सी' नावाच्या मुखत्याराशी माझा रोजचा संबंध येतो. देवळाली प्रवरेत घरी बसून मी चार-पाच लहान संस्थांची संकेतस्थळं सांभाळतो. ती सगळी एकाच भाड्याच्या सर्व्हरवर आहेत आणि सगळ्यांच्या दारात हा एकटा उभा असतो. बाहेरून आलेल्या माणसाला विचारतो, "कोणाकडे?" आणि नेमक्या ठिकाणी पोचवतो. तो नीट काम करतो तेव्हा तो आहे हेही कोणाला कळत नाही. अशा माणसांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी सरळ प्रॉक्सी आला, उलटा नंतर. १९९४ साली, वेब जेमतेम चालायला लागलं होतं तेव्हा, जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत आरी लुओटोनेन यांनी तिथल्या वेब सर्व्हरला प्रॉक्सीचं काम शिकवलं. मोठ्या संस्थांनी सुरक्षेसाठी आपल्या आतल्या जाळ्याभोवती भिंत घातली होती, त्यामुळे आतल्या माणसाला थेट बाहेर जाता येईना. मग त्याच्या वतीनं एक यंत्र बाहेर जाऊन पान आणू लागलं. तेच पान दुसऱ्यानं मागितलं तर पुन्हा बाहेर जायला नको, म्हणून ते जवळ ठेवूनही देऊ लागलं. १९९६ मध्ये आलेला 'स्क्विड' या कामात इतका तरबेज निघाला की आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांच्या प्रयोगशाळांनी एका हडकुळ्या जोडणीवर वीस-वीस संगणक त्याच्या भरवशावर चालवले.

हा झाला मागणाऱ्याचा मुखत्यार. रिव्हर्स प्रॉक्सी हा देणाऱ्याचा मुखत्यार. वाचक पत्ता टाकतो, मागणी याच्याकडे येते, हा आत जाऊन योग्य त्या यंत्राकडून पान आणतो आणि वाचकाच्या हातात ठेवतो. आत एक यंत्र आहे की पन्नास, कोणतं बंद पडलंय, कोणतं नवं आलंय, हे वाचकाला कळत नाही आणि कळायची गरजही नसते.

पण 'कोणाकडे?' या प्रश्नाचं उत्तर मागणीतच लिहिलेलं असायला हवं. सुरुवातीच्या वेबमध्ये ते नसायचं! ब्राउझर सर्व्हरशी जोडणी करायचा आणि फक्त पानाचं नाव सांगायचा, संकेतस्थळाचं नाही. आम्हा देवळालीकरांना यातली अडचण चटकन कळेल. नुसतं 'देवळाली' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे नाशिकची छावणी उभी राहते. पुढे 'प्रवरा' जोडलं की माणूस राहुरी तालुक्यात येतो. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती ठरली आणि तिनं प्रत्येक मागणीत 'होस्ट', म्हणजे संकेतस्थळाचं नाव, लिहिणं सक्तीचं केलं. त्या एका ओळीमुळे एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं नांदू लागली. स्वस्तातली होस्टिंग सेवा ज्या पायावर उभी राहिली तो हाच. (२०१४ मध्ये '.भारत' आल्यापासून हे नाव देवनागरीतही असू शकतं. गंमत म्हणजे मुखत्याराच्या कानावर ते देवनागरीत पडतच नाही. ब्राउझर त्याचं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन रूप करून पाठवतो. वहीत नोंद त्या रूपाची करावी लागते.)

पुढचा मोठा टप्पा रशियात आला. एकाच सर्व्हरला एका वेळी दहा हजार माणसं कशी सांभाळता येतील, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. मॉस्कोत 'रॅम्बलर' या संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या इगोर सिसोएव्ह यांनी २००२ पासून त्यावर एकट्यानं खपून एक सर्व्हर लिहिला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. तो 'इंजिन-एक्स'. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून त्यानं जग जिंकलं. पण कोणतं नाव कुठे पाठवायचं याची त्याची वही हातानं लिहावी लागे. नवं संकेतस्थळ आलं की फाइल उघडा, चार ओळी लिहा, इंजिन-एक्सला "वही पुन्हा वाच" म्हणून सांगा. आतली यंत्रं महिनोन्‌महिने जागची हलत नसत, म्हणून हे चालून जात होतं.

इथे थोडं पाटाकडे वळतो. आमच्या भागात वाटपाचा विषय निघाला आणि पाट आठवला नाही असं होत नाही.

भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. उजवा कालवा आमच्या राहुरी तालुक्याकडे येतो. कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतचाऱ्या. कोणाचं दार कधी उघडायचं हे शेजपाळीनं ठरतं. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरतो, त्यात गट नंबर, पीक आणि क्षेत्र लिहितो. पाटबंधारे खातं अर्ज तपासून मंजूर करतं. आवर्तन सुटायच्या वेळी मंजूर अर्जांवरून चारीची यादी तयार होते, शक्यतो टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याला आधी. आणि ती यादी घेऊन पाटकरी दारं उघडत-बंद करत फिरतो.

या व्यवस्थेत तीन कामं आहेत: आपली गरज सांगणं, ती मंजूर करणं आणि त्याप्रमाणे दार उघडणं. सांगतो शेतकरी, मंजूर करतं खातं, उघडतो पाटकरी. हे तिघे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता कंटेनर. एखादा वेब अनुप्रयोग त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद खोलीत ठेवायचा, शेजारच्या खोलीतलं त्याला काही दिसू द्यायचं नाही, ही कल्पना जुनी आहे. १९७९ च्या सुमारास युनिक्समध्ये 'सीएच-रूट' आलं. मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडीनं 'जेल' दिलं. २००६ पासून गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी कोणत्या खोलीला किती मेमरी, किती प्रोसेसर हे बांधून द्यायची सोय लिहायला घेतली; ती २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. या सगळ्याला वापरायला सोपं रूप दिलं ते 'डॉकर'नं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायथॉन परिषदेतल्या पाच मिनिटांच्या भाषणात ते दाखवलं आणि त्यानंतर कामाची पद्धतच बदलली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा अनुप्रयोग आपलं बिऱ्हाड घेऊन कुठेही जाऊ लागला.

बिऱ्हाडं हलकी झाली आणि हलकी झाली म्हणून सारखी हलू लागली. कंटेनर दुरुस्त करत नाहीत, मोडून नवा उभारतात. नव्याला आत नवा पत्ता मिळू शकतो. सकाळी ज्या पत्त्यावर पतसंस्थेचं पान होतं तिथे दुपारी वाचनालयाचं असू शकतं! हातानं लिहिलेली वही अशा ठिकाणी तासाभरात खोटी ठरते.

उपाय मार्च २०१४ मध्ये जेसन वाइल्डर यांनी मांडला, आणि तो इतका साधा होता की आधी कोणाला का सुचला नाही याचं नवल वाटावं. डॉकरकडे कोण जन्मलं, कोण गेलं याची बातमी असतेच. वाइल्डर यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो ही बातमी ऐकत बसतो. नवा कंटेनर उभा राहिला की त्याच्या अंगावर 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणून कोणतं नाव लिहिलंय ते वाचतो, एका साच्यातून इंजिन-एक्सची वही नव्यानं छापतो आणि ती पुन्हा वाचायला लावतो. कंटेनर गेला की नोंदही गेली. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या एमिल वोज यांचा 'ट्रॅफिक' आला. हा पहिल्यापासून याच कामासाठी घडवलेला होता. त्याला वही छापून पुन्हा वाचायचीही गरज नव्हती.

या बदलात वेग वाढला, श्रम वाचले, हे खरंच. पण मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. वही दारावरच्या माणसाच्या हातून सुटली. माहिती ज्याची आहे त्याच्याच अंगावर लिहिलेली, आणि दारवान ती फक्त वाचतो. आपल्याकडे याचा एक फार देखणा पूर्वज आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये बसवलेली स्वयंचलित दारं. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की दारं आपोआप उघडत, पातळी उतरली की मिटत. दारावरच्या माणसानं रात्रभर जागून पाण्याकडे बघायचं, ते काम पाण्यानंच स्वतःकडे घेतलं.

कुलपाचीही गोष्ट अशीच. ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कुलपामागे एक प्रमाणपत्र असतं. पूर्वी ते विकत घ्यायचं, वर्षा-दोन वर्षांनी आठवण ठेवून नव्यानं घ्यायचं. लहान संस्था त्या भानगडीत पडतच नसत. डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' सर्वांसाठी खुलं झालं. प्रमाणपत्र फुकट, पण मुदत नव्वदच दिवसांची. मुदत मुद्दाम लहान ठेवली, म्हणजे लोक ते काम यंत्राकडे सोपवतील. आता तर एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मंचानं ठरवलंय की मार्च २०२९ पासून कोणतंही जाहीर प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं नसेल. म्हणजे हातानं करायचा मार्ग जवळजवळ बंदच. स्वयंचलित दारवान ही चैन राहिलेली नाही.

माझी मांडणी अगदी साधी आहे. सगळ्या संस्थांची नावं एकाच पत्त्याकडे वळवलेली. बाहेरच्या जगाला सर्व्हरची ८० आणि ४४३ ही दोनच दारं दिसतात, आणि दोन्हींवर ट्रॅफिक उभा. बाकीच्या कंटेनरांना बाहेर उघडणारं दारच नाही. ते एका आतल्या जाळ्यात ट्रॅफिकच्या शेजारी राहतात. प्रत्येकाच्या अंगावर लेबल: माझं नाव हे, आतून मी अमुक पोर्टवर बोलतो. नवं संकेतस्थळ लावायचं म्हणजे ते लेबल लावून कंटेनर सुरू करायचा. मिनिटाभरात प्रमाणपत्रासकट ते जगाला दिसायला लागतं.

दोन बारीक गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. मिळालेली प्रमाणपत्रं कंटेनरच्या बाहेर, कायमच्या जागेत ठेवावी लागतात. नाहीतर ट्रॅफिक दर वेळी नव्यानं मागत बसतो, आणि लेट्स एन्क्रिप्ट त्याच नावांसाठी आठवड्यात पाचांपेक्षा जास्त देत नाही. दुसरं, आतल्या अनुप्रयोगाला प्रत्येक वाचक मुखत्याराच्याच पत्त्यावरून आलाय असं दिसतं. खरा पत्ता मुखत्यार वेगळ्या ओळीत लिहून देतो, तो वाचायला अनुप्रयोगाला शिकवावं लागतं.

आता ते तिघे आठवा. सांगणारा, मंजूर करणारा, उघडणारा. स्वयंचलित प्रॉक्सीत पहिला आणि तिसरा दिसतो. मधला कुठे गेला?

कंटेनर म्हणतो "मी अमुक", ट्रॅफिक म्हणतो "बरं". अर्ज आला की दार उघडलं! मूळ ठेवणीत तर ट्रॅफिक लेबल नसलेल्या कंटेनरलाही एक नाव देऊन वाट करून देतो. ते आपण बंद करावं लागतं. एखाद्या कंटेनरनं शेजाऱ्याचंच नाव लेबलावर लिहिलं तर ते खोटं आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. शिवाय जन्म-मृत्यूची बातमी ऐकायला डॉकरच्या ज्या खिडकीशी त्याला बसवतात, ती साधी खिडकी नाही. तिथून हुकूमही देता येतात. ती 'फक्त वाचण्यासाठी' म्हणून जोडली तरी हुकूम द्यायचा रस्ता बंद होत नाही. म्हणजे जगाच्या तोंडावर उभ्या असलेल्या दारवानाच्या खिशात अख्ख्या वाड्याची किल्ली. मी त्या खिडकीपुढे आणखी एक छोटा मुखत्यार बसवलाय, तो विचारू देतो पण सांगू देत नाही.

दारवानावर विश्वास किती ठेवायचा, हा वाद शंभराहून जास्त वर्षांचा आहे. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा गृहस्थ होता. गावची टेलिफोन ऑपरेटर गिऱ्हाइकांचे फोन आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय आला, असं सांगतात. त्यानं चिडून माणसाशिवाय चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. यंत्राला भाऊबंद नसतात, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. टेलच्या शेतकऱ्याला विचारा, तोही हेच म्हणेल. पण यंत्राला भाऊबंद नसतात तशी जबाबदारीही नसते.

आणि यंत्रामागे माणूस असतोच. मोठ्या प्रमाणावर कंटेनर चालवणाऱ्या 'कुबर्नेटीस'मध्ये इंजिन-एक्सवर बेतलेला एक दारवान जगभर वापरला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की मार्च २०२६ नंतर त्याची देखभाल थांबेल. कारण वाचून मी थबकलो: वर्षानुवर्षं त्याचं काम एक-दोन माणसंच, आपल्या फावल्या वेळात, करत होती. असंख्य कंपन्यांच्या दारात जो उभा होता, त्याच्यामागे बघणारे इतकेच.

आमच्या भागातल्या एका संस्थेचं उदाहरण मी जवळून पाहिलंय. संकेतस्थळ एका हुशार मुलानं लावून दिलं होतं, छान चाललं होतं. मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला. संकेतस्थळाच्या नावाचं नूतनीकरण त्याच्या जुन्या ईमेलवर अडकून पडलं, मुदत संपली, नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. आज त्या नावावर जुगाराच्या जाहिराती दिसतात. संस्थेच्या लेटरहेडवर मात्र अजून तेच नाव छापलेलं आहे, आणि कित्येक वर्षांची छायाचित्रं आणि अहवाल गेले ते गेलेच. तिथे कोणतंही यंत्र बिघडलं नव्हतं. 'हे कोणाच्या नावावर आहे, याला मंजुरी कोणाची' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

म्हणून मी मधल्या माणसाची जागा साध्या दोनशे पानी वहीला दिली आहे. प्रत्येक संस्थेसाठी एक पान. नाव कोणाच्या खात्यावर नोंदवलंय, मुदत कधी संपते, पैसे कोण भरतं, मी नसेन तर फोन कोणाला करायचा. संस्थेच्या सचिवांची त्यावर सही. त्या पानाची प्रत त्यांच्या दफ्तरात. नवं लेबल लावायच्या आधी ही सही होते. ट्रॅफिकला या वहीचा पत्ता नाही आणि तिची गरजही नाही.

२००५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपवायचा मार्ग खुला केला. दार उघडण्याचं काम उद्या यंत्रानं केलं तरी चालेल. पण कोणाचं पाणी किती, हे ठरवायला बैठकीत बसून भांडावं लागतं आणि खाली सह्या कराव्या लागतात. संकेतस्थळांची शेजपाळी त्याहून वेगळी नाही. यादी आपोआप तयार होते, याचा मला मनापासून आनंद आहे. तिच्याखालची सही अजून हातानंच करायची असते.